फ्रेडरिक कर्टनी सेलू

फ्रेडरिक कर्टनी सेलू (३१ डिसेंबर, १८५१ - ४ जानेवारी, १९१७) हे इंग्लिश शिकारी, प्रवासी, निसर्गनिरीक्षक व लेखक होते. त्यांचा जन्म लंडन येथे झाला. रग्बी येथील शाळेत शिक्षण घेतल्यानंतर १८७१ मध्ये, वयाच्या १९व्या वर्षी, ते दक्षिण आफ्रिकेत गेले. पुढील वर्षी त्यांनी मटाबेले राजा लोबेंगुला याच्याकडून हत्तींच्या शिकारीची परवानगी मिळवली.

== बंदुका व प्रत्याघात ==

आरंभीच्या तीन हंगामांत (१८७२-७४) सेलू यांनी तोंडाने भरावयाच्या चार बोअरच्या साध्या बंदुका वापरून ७८ हत्ती मारले. या बंदुकीची गोळी पाव पौंडाची, म्हणजे सुमारे ११३ ग्रॅम वजनाची असे. एकदा बार न उडाल्याने बंदूक चुकून दुसऱ्यांदा भरली गेली. ती उडताच सेलू जमिनीवरून उचलले जाऊन कोसळले आणि बंदुकीच्या दस्त्याचे तुकडे झाले. या बंदुकांच्या धक्क्यांनी आपल्या मज्जातंतूंवर परिणाम होऊन नेमबाजी कायमची बिघडली, अशी खंत त्यांनी आपल्या १८८१ मधील प्रवासग्रंथात नोंदवली आहे.

प्रत्याघाताचा जोर प्रामुख्याने गोळी व दारूचे वजन, त्यांचा वेग आणि बंदुकीचे वजन यांवर अवलंबून असतो. दस्त्याच्या टोकाला रबरी गादी बसवल्याने हा संवेग कमी होत नाही. मात्र गादी दबताना धक्क्याचा काळ किंचित लांबतो व तो खांद्याच्या अधिक भागावर विभागला जातो. त्यामुळे जाणवणारा धक्का सौम्य होतो. धक्क्याच्या भीतीने चाप ओढताना अंग आक्रसण्याची सवयही त्यामुळे टळू शकते. लंडनच्या सिल्व्हर कंपनीची अशी गादी १९व्या शतकाच्या उत्तरार्धात प्रसिद्ध झाली. सेलू यांनी मात्र मूळ कारणच कमी केले. पुढे त्यांनी ब्रिस्टॉलच्या गिब्स यांची .४५० बोअरची, पुष्कळ हलकी गोळी झाडणारी रायफल पसंत केली.

== उत्तरायुष्य ==

१८९० मध्ये सेसिल ऱ्होड्स यांच्या कंपनीच्या तुकडीला माशोनालँडमध्ये नेणारे मार्गदर्शक सेलू होते. ही मोहीम त्या प्रदेशातील वसाहती सत्तेचा आरंभ ठरली. पहिल्या महायुद्धात साठी उलटल्यावर ते सैन्यात दाखल झाले. टांगानिकातील बेहो बेहो येथे लढताना जर्मन बाजूच्या नेमबाजाच्या गोळीने त्यांचा मृत्यू झाला. तेथील सेलू अभयारण्य १९८२ मध्ये जागतिक वारसा स्थळ म्हणून घोषित झाले.