गिरणी कामगारांचे लोकमत : नारायण मेघाजी लोखंडे



आपल्या अभ्यासकेंद्रावरील संपर्कसत्रे बहुधा रविवारी असतात. आठवड्याचे सहा दिवस नोकरी, शेती, दुकान किंवा घर सांभाळून सातव्या दिवशी तुम्ही वह्या घेऊन वर्गात येऊन बसता. हा सुट्टीचा वार आपल्याला पंचांगाइतकाच जुना वाटतो. मुंबईच्या गिरण्यांमध्ये मात्र तो १८९० साली मिळाला, आणि तो मागणाऱ्यांच्या अग्रभागी एका मराठी साप्ताहिकाचा संपादक होता. प्रस्तुत घटकात आपल्याला त्या संपादकाचा, म्हणजे नारायण मेघाजी लोखंडे यांचा परिचय करून घ्यावयाचा आहे.

चरित्राकडे वळण्यापूर्वी एका शब्दाकडे लक्ष द्या. ‘लोकमत’ हा षष्ठी तत्पुरुष समास आहे : लोकांचे मत. यातील ‘लोक’ म्हणजे कोण, हे समास सांगत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्या-मुंबईची वृत्तपत्रे कर, जकात, दुष्काळ, व्यापार, सरकारी नोकऱ्या अशा विषयांवर लोकमत मांडत असत. ते लिहिणारा व वाचणारा वर्ग शिक्षित, बहुतांशी उच्चवर्णीय आणि शहरी होता. दिवसभर साच्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाला मत असते, ते विचारावे लागते व छापावेही लागते, ही कल्पना त्या वर्गाच्या फारशी ध्यानी आली नव्हती. लोखंडे यांचे कार्य समजून घेताना ही पार्श्वभूमी विसरू नका.

लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाणे येथे झाला. घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील कन्हेरसरचे, जातीने फुलमाळी आणि परिस्थितीने गरीब. ठाण्यात इंग्रजी शिक्षण घेतल्यानंतर त्यांना पुढे शिकणे परवडले नाही. रेल्वेत व टपालखात्यात काही काळ नोकरी करून ते मुंबईत मांडवी येथील एका कापडगिरणीत भांडारपाल झाले. ही नोकरी त्यांच्या आयुष्यात निर्णायक ठरली. भांडारपाल हा कारकून खरा. पण त्याच्या डोळ्यांसमोर कामगाराचा सगळा दिवस घडत असतो. कोण किती वाजता आत आला, कोणाचा हात पट्ट्यात सापडला, कोणाचा पगार किती आठवडे अडकून पडला, हे त्याला ऐकीव माहितीवर समजून घ्यावे लागत नाही. लोखंडे यांच्या पुढील लेखनाचा व अर्जांचा नेमकेपणा या अनुभवातून आला असावा, असे मला वाटते.

दुसरा संस्कार जोतीराव फुले यांचा होता. २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना झाली आणि मुंबईतील त्याच्या कार्याची धुरा पुढे लोखंडे यांनी वाहिली. या चळवळीचे विचार मांडणारे ‘दीनबंधु’ हे साप्ताहिक कृष्णराव भालेकर यांनी १८७७च्या प्रारंभी पुण्यात सुरू केले होते. आर्थिक ओढाताणीमुळे त्यांना ते चालविणे अशक्य झाले, तेव्हा १८८० साली लोखंडे यांनी नोकरी सोडून ते मुंबईत हाती घेतले. ज्यांच्यासाठी पत्र काढायचे त्यांतील बहुसंख्यांना वाचता येत नव्हते. वर्गणीदार थोडे, जाहिराती त्याहून थोड्या. तरीही पत्र टिकले.

आता त्या काळातील एका गुंतागुंतीच्या वादाकडे येऊ. परीक्षेच्या दृष्टीने नव्हे, तर लोखंडे यांची खरी कसोटी येथेच लागली म्हणून हा भाग सावकाश वाचा.

मुंबईत कावसजी दावर यांनी १८५४ साली पहिली कापडगिरणी स्थापन केली. पुढील पंचवीस वर्षांत गिरण्यांची संख्या झपाट्याने वाढली व मुंबईचे सूत-कापड मँचेस्टरच्या मालाशी स्पर्धा करू लागले. लँकेशायरच्या गिरणीमालकांना ही स्पर्धा खुपू लागली. आपल्या कामगारांना कायद्याचे संरक्षण आहे, हिंदुस्थानातील कामगारांना मात्र कितीही तास राबविता येते, ही विषमता दूर करावी, अशी मागणी त्यांनी विलायतेत लावून धरली. याच सुमारास विलायती कापडावरील आयातजकातही उठविण्यात आली. १८८२पर्यंत ती जवळजवळ पूर्णपणे गेली. साहजिकच कारखाना-कायदा म्हणजे देशी उद्योगाचा गळा घोटण्याचा लँकेशायरचा डाव आहे, असे येथील राष्ट्रीय विचारांच्या वृत्तपत्रांचे मत बनले. ‘केसरी’ व ‘मराठा’ यांचा सूर असाच होता. हा संशय निराधार नव्हता, हे तुम्ही मान्य केले पाहिजे. लँकेशायरचे भूतदयेचे उमाळे स्वार्थापासून मुळीच अलिप्त नव्हते.

पुढे वाचण्यापूर्वी क्षणभर थांबा आणि लोखंडे यांच्या जागी स्वतःला कल्पून पाहा. कायद्याची मागणी करावी तर परकीय भांडवलदाराच्या पंक्तीला बसल्याचा आरोप येणार. गप्प राहावे तर सात वर्षांचे मूल पहाटे साच्याखाली रांगत जाणारच. लोखंडे यांनी मागणी करण्याचा मार्ग पत्करला. कायदा कोणाच्या सोयीचा आहे यापेक्षा तो नसल्यास कोणाचे शरीर झिजते, हा प्रश्न त्यांनी पुढे केला. या बाबतीत ते एकटे नव्हते. सोराबजी शापुरजी बंगाली या पारशी गृहस्थांनी १८७८ सालीच गिरण्यांतील कामाचे तास मर्यादित करण्यासाठी विधेयकाचा मसुदा तयार केला होता. पण बंगाली कामगारांसाठी बोलत होते. लोखंडे यांना कामगारांनाच बोलते करायचे होते.

पहिला कारखाना-कायदा १८८१ साली झाला. सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास मनाई आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा, एवढाच त्याचा मुख्य लाभ. स्त्रिया व प्रौढ पुरुष यांना त्याने स्पर्शही केला नाही. असंतोष वाढला तेव्हा १८८४ साली मुंबई सरकारने चौकशीसाठी एक आयोग नेमला. लोखंडे यांनी सप्टेंबरमध्ये परळ येथे कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन आयोगापुढे सादर केले.

या निवेदनातील मागण्या आज वाचल्या की त्यांच्या साधेपणाने आपण थबकतो. आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुट्टी असावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेपूर्वी हाती पडावा. कामावर जखमी झालेल्याला भरपाई द्यावी. वेतनवाढीचा यात उल्लेखही नाही! सूर्यास्तापर्यंत काम करण्याची तयारी ज्या मागणीत दिसते, तिच्या मागील रोजचा दिवस केवढा असेल, याचा हिशेब तुम्हीच करा. उन्हाळ्यात सकाळी साडेसहा ते सूर्यास्त म्हणजे बारा तासांहून अधिक होतात. पगाराच्या तारखेची मागणीही क्षुल्लक मानू नका. पगार आठवडेच्या आठवडे अडकला की कामगार वाण्याच्या उधारीत आणि सावकाराच्या व्याजात अडकत असे.

रविवारच का, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. साहेबाच्या प्रार्थनेचा तो वार होता हे खरेच. परंतु देशावरून आलेल्या मराठी कामगाराला तो परका नव्हता, कारण रविवार हा खंडोबाचा वार.

निवेदनाला तातडीने फळ आले नाही. ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ या नावाने लोखंडे काम करीत राहिले. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मी येथे सुमारे १०,००० कामगारांची सभा भरली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनी भाषणे केली. सुशिक्षित घरांतील स्त्रियाही ज्या काळात जाहीर सभेत क्वचितच बोलत, त्या काळातील ही घटना आहे. सभेनंतर साप्ताहिक सुट्टीची मागणी मालकांच्या संघटनेकडे गेली आणि १० जून १८९० रोजी ती मान्य झाली. त्याच वर्षी सरकारने नेमलेल्या कारखाना-आयोगाच्या मुंबईतील कामात लोखंडे सहभागी झाले. १८९१च्या सुधारित कायद्याने साप्ताहिक सुट्टी व दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती यांना कायद्याचे बळ दिले, स्त्रियांसाठी अकरा तासांची मर्यादा घातली आणि मुलांचे किमान वय नऊवर नेले. प्रौढ पुरुषांच्या कामाच्या तासांवर मात्र अजूनही मर्यादा आली नाही.

लोखंडे यांच्या संपादकीय धोरणात सावधपणाही होता, हे लपविण्याचे कारण नाही. जोतीरावांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ साली लिहून झाला. त्याची पहिली दोन प्रकरणे ‘दीनबंधु’त आली, पुढील प्रकरणे छापण्याचे लोखंडे यांनी टाळले आणि गुरूचा रोष ओढवून घेतला. सरकारवरील तिखट टीका पत्राला पेलणार नाही, असे त्यांना वाटले असावे. सरकारकडेच कायदा मागणाऱ्या संपादकाची ही अडचण आपण समजू शकतो. जोतीरावांचा संतापही समजू शकतो. मात्र दोघांचे कार्य तुटले नाही. विधवांच्या केशवपनाविरुद्ध मुंबईतील नाभिकांची सभा १८९० साली भरली, त्यामागेही लोखंडे होते. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात जोतीराव निवर्तले.

१८९३ साली मुंबईत हिंदू-मुसलमानांचा मोठा दंगा झाला. दोन्ही समाजांतील कष्टकरी त्यात होरपळले. लोखंडे यांनी राणीच्या बागेत सलोख्याचा मेळावा घडवून आणला. पुढे सरकारने त्यांना रावबहादूर ही पदवी दिली.

त्यांच्या संघटनेला आधुनिक अर्थाने कामगार संघटना म्हणावे काय, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तिला सभासदांची नोंद नव्हती, वर्गणी नव्हती, लिखित नियम नव्हते आणि निधीही नव्हता. हे आक्षेप तथ्याला धरून आहेत. तरी मला येथे असे सुचवावेसे वाटते की, लोखंडे यांचे मोजमाप संघटनेच्या दप्तरावरून करण्यापेक्षा त्या ५,५०० सह्यांवरून करावे. अक्षरओळख नसलेल्या माणसाने निवेदनाला संमती द्यायची म्हणजे ते आधी त्याला कोणीतरी वाचून दाखवावे लागते, मग त्याच्याशी बोलावे लागते, त्याच्या मनातील मुकादमाची भीती घालवावी लागते. ज्या ‘लोकमता’त तोवर गिरणी कामगार मोजला जात नव्हता, ते त्या सह्यांनी रुंदावले.

१८९६च्या उत्तरार्धात मुंबईत प्लेगची साथ आली. गिरण्यांतील माणसे गावाकडे पळू लागली. लोखंडे शहरातच राहिले व रुग्णांच्या सेवेत गुंतले. त्यांनाही प्लेगने गाठले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी, वयाची पन्नाशीही गाठण्यापूर्वी, त्यांचे निधन झाले. महिनाभराने पुण्यात सावित्रीबाई फुले यांचाही याच साथीत अंत झाला. लोखंडे यांच्यामागे त्यांची असोसिएशन टिकली नाही. ‘कामगार हितवर्धक सभा’ स्थापन होण्यास १९०९ साल उजाडावे लागले.