काचेवरची शीट आणि रावबहादूर धुरंधर

पहिल्या वर्षाची ड्रॉइंगची शीट आठवते ना? सबमिशनची आदली रात्र, दोन खुर्च्यांवर आडवी ठेवलेली काच, खाली बल्ब, वर मित्राची शीट आणि तिच्यावर आपला कोरा कागद. जीटी! रेघ न् रेघ हुबेहूब. मग ओरलला सरांनी विचारलं, हा छेद नेमका कुठून घेतलास? की तोंडाला कुलूप. कारण काढलं सगळं होतं, पाहिलं काहीच नव्हतं.

चित्रकलेतही हाच प्रश्न आहे. हुबेहूब काढलं म्हणजे खरं काढलं का? या प्रश्नापायी एकोणिसाव्या शतकात युरोपात मोठी भांडणं झाली. आपल्याकडे या प्रश्नाला आयुष्यभर कामातून भिडलेला माणूस म्हणजे चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर.

मी शिवथरचा. आमच्या घळीत समर्थ सांगताहेत आणि कल्याणस्वामी लिहून घेताहेत अशा मूर्ती आहेत. बाहेर धबधबा कोसळत असतो आणि आत आलेला माणूस आपोआप हात जोडतो. तो प्रसंग आज कोणी पाहिलेला नाही, तरी असंच असणार असं वाटतं. आमच्याच महाड तालुक्यातल्या रायगडाचंही तेच. राज्याभिषेक झाला 6 जून 1674 ला. तेव्हा कॅमेरा नव्हता. तरीही डोळे मिटले की दरबार दिसतोच! इतिहास असा डोळ्यांसमोर उभा करायची सवय मराठी माणसाला ज्यांनी लावली, त्यांत धुरंधरांचं नाव फार वरचं आहे.

त्यांचा जन्म 18 मार्च 1867 चा, कोल्हापूरचा. शिक्षण तिथल्याच राजाराम हायस्कुलात. चित्रकलेचा नाद लहानपणापासून. कोल्हापुरात आबालाल रहिमान यांच्यासारख्या कसलेल्या चित्रकाराचं मार्गदर्शन मिळालं आणि 1890 मध्ये हा तरुण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला.

जे. जे. सुरू झालं 1857 मध्ये, सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून. अभ्यासक्रमाचा साचा लंडनच्या साउथ केन्सिंग्टनचा. आधी प्लास्टरच्या पुतळ्यांवरून रेखाटन, मग छायाप्रकाश, यथार्थदर्शन, शरीररचना आणि शेवटी समोर बसलेला जिवंत माणूस. आपल्या ड्रॉइंग हॉलसारखीच शिस्त म्हणा ना. प्रिन्सिपॉल होते जॉन ग्रिफिथ्स. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करून घेण्याचं प्रचंड काम विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन त्यांनीच केलं होतं. त्यांनी या मुलाचा हात ओळखला.

आता जरा पॅरिसला जाऊन येऊ. कारण धुरंधर मुंबईत जे शिकत होते, त्याच्याविरुद्ध तिकडे कधीच बंड झालं होतं. देवदेवता, राजे, लढाया आणि सगळं कसं गुळगुळीत, ही तिथल्या अकादमीची आवड. गुस्ताव्ह कूर्बेनं 1849 मध्ये रस्त्यावर खडी फोडणारे दोन मजूर भल्यामोठ्या कॅनव्हासवर रंगवले. 1855 च्या जागतिक प्रदर्शनात त्याची मोठी चित्रं नाकारली गेली, तेव्हा पठ्ठ्यानं शेजारीच स्वतःचा मांडव घातला आणि त्याला वास्तववादाचं नाव दिलं. जे. जे. सुरू झालं त्याच 1857 साली मिले यानं कापणीनंतर शेतात पडलेली कणसं वेचणाऱ्या तीन बायका रंगवल्या. त्याआधी, 1839 मध्येच, कॅमेरा जगासमोर आला होता. हुबेहूबपणाचं काम यंत्र करू लागलं, मग चित्रकारानं करायचं काय? 1874 मध्ये मोने आणि मंडळींनी आपलं वेगळं प्रदर्शन भरवून उत्तर दिलं, की त्या क्षणी डोळ्यांवर पडलेला उजेड रंगवायचा. धुरंधर तेव्हा सात वर्षांचे होते. ते जे. जे.त आले त्याच 1890 च्या जुलैत व्हॅन गॉग वारलासुद्धा.

म्हणजे पॅरिसनं उतरवून ठेवलेला कोट मुंबईत नवा म्हणून आला. मग धुरंधर मागासलेले का? मला तसं वाटत नाही.

त्यांनी हत्यार परक्याचं घेतलं, पण नजर आपल्या माणसांवर ठेवली. 1895 मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक त्यांना मिळालं. पुढे ते जे. जे.तच शिक्षक झाले. शिकवणं चालू असताना स्केचबुक कधी खाली ठेवलं नाही. हजारो रेखाटनं केली. कोणती बाई पदर कसा घेते, कोणत्या जातीची पगडी कशी बांधतात, ओझं उचलताना हमालाची पाठ कुठे वाकते, हे सगळं पाहून टिपलेलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांची मुंबईच्या रस्त्यावरच्या माणसांची पोस्टकार्डं निघाली. एडवर्ड्स यांचं मुंबईवरचं पुस्तक (1912), किंकेड यांनी इंग्रजीत सांगितलेल्या आपल्या वारांच्या कहाण्या (1914), रॉथफेल्ड यांचं भारतीय स्त्रियांवरचं पुस्तक (1920), या सगळ्यांत चित्रं धुरंधरांचीच.

कूर्बेचा राग मात्र त्यांच्यात नाही, हेही कबूल करायला हवं. त्यांचा हमाल खडी फोडणाऱ्या मजुरासारखा आपल्याला अस्वस्थ करत नाही. बघताना गंमत वाटते. सरकारी नोकरी, 1927 चा रावबहादूर किताब, नव्या दिल्लीच्या सचिवालयातली भित्तिचित्रं, असं त्यांचं आयुष्य व्यवस्थेच्या आतच गेलं.

औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार आणि कलेचे मोठे आश्रयदाते. त्यांच्या औंधच्या संग्रहालयात धुरंधरांची चित्रं आहेत. शिवचरित्रातले प्रसंग रंगवताना धुरंधरांपुढे खरी परीक्षा होती. महाराज काही समोर मॉडेल म्हणून बसणार नव्हते. मग वास्तव आणायचं कुठून? उत्तर स्केचबुकात होतं. अंगरख्याची चूण, घोड्याची मान, मुजऱ्याला झुकलेला खांदा, हे सगळं पाहिलेलं. पाहिलेल्याच्या आधारावर न पाहिलेलं उभं केलं. आपण तरी काय करतो? जो पूल अजून बांधलेलाच नाही, त्याचं ड्रॉइंग माहीत असलेल्या मापांवरूनच काढतो ना!

यात एक धोकाही आहे. चित्र इतकं पटतं की माणूस ते पुरावा समजतो. रायगडावर जाऊन पाहा. सदरेवर आज चौथरे आणि दगडी अवशेष आहेत. त्यावरचे रेशमी पडदे आपल्या डोक्यात चित्रकारांनी लावलेत. चित्र पाहून ऊर भरून यावा, जरूर यावा. पण इतिहास विचारायचा तर कागदपत्रांना आणि त्या दगडांना विचारावा.

धुरंधरांच्या हयातीतच वारं फिरलं. ही शैली परकी आहे, अशी टीका बंगालकडून झाली. मग नव्या चित्रकारांना ती जुनाट वाटू लागली. धुरंधर 1931 मध्ये निवृत्त झाले. जे. जे.तल्या 41 वर्षांच्या आठवणी त्यांनी मराठीत पुस्तकरूपानं लिहून ठेवल्या; पुस्तक 1940 मध्ये आलं. 1 जून 1944 ला ते गेले. त्यानंतर तीनच वर्षांनी मुंबईत प्रोग्रेसिव्ह ग्रुप उभा राहिला आणि हुबेहूबपणाची सद्दी संपली.

शैली जुनी होते. पाहिलेलं जुनं होत नाही. शंभर वर्षांपूर्वीची मुंबईची माणसं चालायची कशी, नेसायची कशी, हे आज धुरंधरांच्या कागदांवरून कळतं, कारण त्यांनी ते उभं राहून बघितलं होतं.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या सबमिशनला काच शोधण्याआधी एकदा वर्कशॉपमध्ये जाऊन तो जॉब हातात घेऊन बघा. शीट कदाचित थोडी वाकडी येईल. पण ओरलला बोलता येईल.