विश्लेषण : जिव्या सोमा म्हसे… वारली चित्र भिंतीवरून कॅनव्हासवर येताना काय काय बदलले?

डहाणू-तलासरी पट्ट्यात आज शाळेच्या कुंपणावर, ग्रामपंचायतीच्या कमानीवर, ढाब्याच्या दर्शनी भिंतीवर वारली आकृत्या दिसतात. दोन त्रिकोणांचा माणूस, मध्ये तारपा वाजवणारा आणि भोवती नाचणाऱ्यांचे वेटोळे. हेच चित्र पुढे कुर्त्यावर, कपबशीवर आणि लग्नपत्रिकेवर गेले. ते इतके ओळखीचे झाले आहे की वारली चित्रकला म्हणजे हजारो वर्षे जशीच्या तशी चालत आलेली एक गोष्ट, असा सर्वसाधारण समज आहे. जिव्या सोमा म्हसे यांचे आयुष्य पाहिले की हा समज टिकत नाही. विधीच्या भिंतीवरची ही कला कागदावर आणि कॅनव्हासवर आणताना त्यांनी ती चाळीसेक वर्षे सतत बदलली.

म्हसे कुठले?

जन्म 1934 च्या सुमाराचा, तलासरी तालुक्यातील धामणगावचा. तेव्हा हा सारा भाग ठाणे जिल्ह्यात होता; पालघर जिल्हा झाला 1 ऑगस्ट 2014 रोजी. आई लहानपणीच गेली. त्या धक्क्याने मुलाचे बोलणे बंद झाले आणि पुढची काही वर्षे तो मातीत रेघोट्या ओढून आपले म्हणणे सांगू लागला, असे त्यांच्या चरित्रात नेहमी सांगितले जाते. चित्रकारांच्या बालपणाभोवती अशा कथा चटकन जमतात, हे खरे. पण म्हसे मोठेपणीही मोजकेच बोलत आणि त्यांची चित्रे मात्र कमालीची गोष्टीवेल्हाळ होती. त्यामुळे या कथेवर विश्वास ठेवावासा वाटतो. अकराव्या वर्षाच्या आसपास ते डहाणू तालुक्यातील गंजाडजवळच्या कळंबीपाड्यात आले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले.

ते वर्ष साधारण 1945 चे. त्याच वर्षी वेठबिगारी आणि लग्नगडी पद्धतीविरुद्ध शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा उठाव झाला आणि ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली. लग्नासाठी सावकाराकडून घेतलेल्या चार पैशांपायी नवरा-बायकोने जन्मभर त्याच्या शेतावर राबायचे, अशी ती पद्धत. म्हसे यांच्या चित्रांत या लढ्याचे थेट चित्रण शोधायला जाऊ नये. परंतु त्यांच्या चित्रातली माणसे सतत कामात असतात. लावणी, झोडणी, मोळी, मासेमारी सुरूच. हे कष्ट ज्या पिढीने परक्याच्या शेतावर उपसले, त्या पिढीचा हा माणूस होता.

वारली चित्र मुळात काढत कोण?

बायका, आणि त्यातही सवासिनी. लग्नघरात कुडाच्या भिंतीला शेण-मातीचा लेप आणि वरून गेरूचा हात द्यायचा. तांदळाचे पीठ पाण्यात कालवायचे, बांबूची काडी चावून किंवा ठेचून तिचा कुंचला करायचा आणि चौक लिहायचा. ‘काढायचा’ नव्हे, ‘लिहायचा’. चौकटीत पालघट देवी, शेजारी छोट्या चौकात पाचशिऱ्या देव, भोवती झाडे, चंद्र-सूर्य, फणी, शिडी. चौक लिहिताना धवलेरी गाणी म्हणते. चौकाशिवाय लग्न लागत नाही. लग्न आटोपले की चित्राचे काम संपते; पुढे ते धुराने काळवंडते, पावसाळ्यात पोपडे धरते आणि भिंतीबरोबरच नाहीसे होते. त्यावर कोणाची सही नसते.

अशा कलेत एक पुरुष शिरतो, लग्न नसतानाही रोज चित्र काढत बसतो, हे त्या काळी पाड्यावर विचित्रच वाटले असणार.

कागद आला कुठून?

इथे भास्कर कुलकर्णी यांचे नाव घ्यावे लागते. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयातून आलेला हा चित्रकार स्वतःच्या कारकिर्दीबाबत बेफिकीर होता. बिहारमध्ये साठच्या दशकाच्या मध्यात दुष्काळ पडला तेव्हा पुपुल जयकर यांनी त्यांना मधुबनीला पाठवले. भिंतीवर चित्रे काढणाऱ्या तिथल्या बायकांना कागद द्यायचा आणि त्यातून त्यांच्या हाती दोन पैसे पडतील असे पाहायचे, हे काम. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला हाच प्रयोग करायला ते डहाणू परिसरात आले. बायका चित्रे दाखवतील अशी अपेक्षा होती. पुढे आला तो जिव्या. कुलकर्णी 1983 मध्ये गेले. त्यांचे नाव आज वारली चित्रे विकणाऱ्यांपैकीही थोड्यांनाच ठाऊक असते.

1975 मध्ये मुंबईत जहांगीर कलादालनाच्या इमारतीतल्या गॅलरी केमोल्डमध्ये म्हसे यांची चित्रे लागली. केकू गांधी यांची ही गॅलरी म्हणजे आधुनिक भारतीय चित्रकलेचे घर. तिथे एका पाड्यावरच्या माणसाची चित्रे त्याच्या नावानिशी टांगली जाणे, हा मोठा फरक होता. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि फ्रान्समधील मांतों येथे चित्रे प्रदर्शित झाली.

शैली बदलली म्हणजे नेमके काय झाले?

आधी माध्यम बदलले. भिंतीऐवजी गेरूने रंगवलेला तपकिरी कागद आणि पिठाऐवजी पांढरा पोस्टर कलर आला. वरवर पाहता एवढेच. पण भिंतीवरच्या चित्राला मध्य ठरलेला असतो, तो म्हणजे देवीचा चौक. बाकी सारे त्या चौकाच्या आधाराने उभे राहते. कागदावर लग्न नाही, म्हणून चौकाचीही सक्ती नाही. मग डोळ्याला धरून ठेवणार कोण? म्हसे यांनी मध्ये गोष्ट आणली. कणसरीची कथा, भुताखेतांच्या गोष्टी, वाघाची गोष्ट. एकाच कागदावर गोष्टीची सुरुवात, मध्य आणि शेवट शेजारी शेजारी, तोच माणूस तीन ठिकाणी. पारंपरिक चौकात काळ थांबलेला असतो, म्हसे यांच्या कागदावर तो चालू लागला.

दुसरा बदल आकृतीत झाला. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण ही वारली माणसाची बांधणी सर्वांना येते. शाळेतली मुलेही दहा मिनिटांत शिकतात. मात्र म्हसे यांचा माणूस तोल जाण्याच्या बेतात असतो. कमरेच्या त्या एका बिंदूवर वरचा त्रिकोण किंचित कलतो आणि वाकणे, ओढणे, फेकणे ही क्रिया त्या कलण्यातून दिसते. बाजारात मिळणाऱ्या वारली छापात त्रिकोण सरळ उभे असतात, म्हणून ती माणसे नाचताना दिसूनही नाचत नाहीत.

तिसरा बदल मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तो आहे जाळ्यांचा. नव्वदच्या दशकात कागदाबरोबर कॅनव्हास आला. कापडावर शेणाचा पातळ लेप आणि त्यावर पांढऱ्या ॲक्रिलिकची अगदी बारीक रेषा. याच काळात मासेमारीची चित्रे मोठी होत गेली. आधी जाळे हा प्रसंगातला एक तपशील होता. पुढे ते पसरत पसरत जवळपास सगळे कापड व्यापू लागले. हजारो आडव्यातिडव्या रेघांची वीण, कडेला मुंगीएवढी माणसे, आत अडकलेले मासे. लांबून पाहिले तर काहीच ओळखू येत नाही, नुसता थरथरणारा पांढुरका पडदा. जवळ गेले की प्रत्येक घर वेगळे, प्रत्येक गाठ वेगळी. त्यांची रेषा सलग नसतेच. ठिपके आणि छोटे तुकडे जोडून ती पुढे सरकते, म्हणून ती हलते आहे असे वाटते. कोणी याला अमूर्त चित्रकला म्हणेल. म्हसे यांच्या दृष्टीने ते जाळेच होते. तरीही विधीच्या चौकापासून इथवरचा हा प्रवास एखाद्या आधुनिक चित्रकाराच्या कारकिर्दीसारखाच वाचावा लागतो. पिकासोच्या कालखंडांना आपण नावे देतो, म्हसे यांचे कालखंड मात्र ‘वारली कला’ या एकाच पाटीखाली जातात.

जगाने दखल कशी घेतली?

1988 मध्ये यशोधरा दालमिया यांचे वारली चित्रकलेवरचे पुस्तक ललित कला अकादमीने काढले. 1989 मध्ये पॅरिसच्या पाँपिदू सेंटरमध्ये भरलेल्या ‘मॅजिसियां द ला तेर’ या प्रदर्शनात म्हसे यांचा समावेश होता. पाश्चात्त्य आणि पाश्चात्त्येतर कलाकारांना एकाच छताखाली, बरोबरीने मांडण्याचा तो गाजलेला आणि टीकाही झेललेला प्रयत्न. 2003 मध्ये जर्मनीतील ड्युसेलडॉर्फला त्यांची चित्रे रिचर्ड लाँग या ब्रिटिश कलाकाराच्या कामासोबत लागली, पुढच्या वर्षी मिलानला. पायी चालणे हीच ज्याची कला, जो माती-दगडांची वर्तुळे आणि रेषा मांडतो, तो लाँग वारल्यांच्या मुलखातही फिरला. ही जोडी जुळवणाऱ्याच्या नजरेला दाद द्यायला हवी. 2002 मध्ये शिल्पगुरू, 2009 मध्ये नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाऊस पुरस्कार आणि 2011 मध्ये पद्मश्री असे सन्मान येत गेले.

आणि जमिनीचे काय?

1976 चा राष्ट्रीय पुरस्कार स्वीकारताना म्हसे यांनी राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांच्याकडे शेतजमीन मागितली आणि त्यांना आश्वासनही मिळाले. ती जमीन प्रत्यक्ष ताब्यात यायला तीस वर्षांहून अधिक काळ गेला. मधल्या काळात चित्रे युरोपला आणि जपानला जाऊन आली, कागदपत्रे मात्र कचेरीतच राहिली. पद्म पुरस्काराच्या बातम्यांत ही गोष्ट बहुधा शेवटच्या ओळीत आली. म्हसे यांना ती पहिल्या ओळीत हवी असती, असे त्यांची चित्रे पाहताना वाटते. कारण त्या चित्रांतली निम्मी माणसे शेतात आहेत.

त्यांचा स्टुडिओ कसा होता?

चित्रकाराचे स्टुडिओतले छायाचित्र म्हटले की आपल्याला उंच खिडकी, घोडी, रंगांनी माखलेले टेबल आठवते. म्हसे यांच्या छायाचित्रांत यातले काही सापडत नाही. ते जमिनीवर बसलेले असतात, कापड पुढ्यात किंवा मांडीवर पसरलेले, मान खाली, हातात बारीक काडी किंवा कुंचला. मागे सारवलेली भिंत. वृत्तपत्रांनी अशी छायाचित्रे बहुतेक वेळा साधेपणाचा पुरावा म्हणून छापली. खरे तर त्यात कामाची पद्धत दिसते. उभ्या घोडीसमोरचा चित्रकार मागे सरकून चित्र पाहतो, म्हसे चित्राच्या आत बसत. कापडाला वर-खाली नसे. ते फिरवत जायचे आणि ज्या बाजूला हात पोहोचेल त्या बाजूने माणसे उभी करायची. त्यांच्या कित्येक चित्रांत आकृत्या चारही दिशांनी उगवतात, कोणाचेच पाय एका क्षितिजावर टेकत नाहीत, त्याचे कारण या बैठकीत असावे. चौक लिहिणाऱ्या सवासिनी भिंतीसमोर बसतात. म्हसे यांनी भिंतच आडवी केली.

15 मे 2018 रोजी गंजाडला त्यांचे निधन झाले. सदाशिव आणि बाळू हे मुलगे त्यांच्या हयातीतच चित्रे काढू लागले होते. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि आसपासच्या पाड्यांवर आज अनेक पुरुषांचे आणि स्त्रियांचे घर या कलेवर चालते. बाहेरच्या गिऱ्हाईकाची मागणी मात्र अजूनही बहुतेक वेळा एकच असते : मध्ये तारपा, भोवती वेटोळे.