डॉ. एरिख सालोमोन : सभासमारंभांचे छायाचित्रकार

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनांत आतां व्यासपीठापेक्षां उंचावलेले मोबाईलच अधिक दिसतात. इतकीं छायाचित्रें निघूनहि मनुष्य मनुष्यासारखा दिसतो असें त्यांत एखादेंच सांपडतें. बाकीच्यांत ओळीनें उभे केलेले, ओठ आवळलेले, डोळे दिपलेले चेहरे! ही खोड फार जुनी आहे. ती मोडणाऱ्यांत ज्यांचें नांव अग्रभागीं घेतात, त्या गृहस्थांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

डॉ. एरिख सालोमोन यांचा जन्म २८ एप्रिल १८८६ रोजीं बर्लिन येथें एका सधन ज्यू पेढीवाल्याच्या घरीं झाला. कायद्याचा अभ्यास करून त्यांनीं डॉक्टरची पदवी मिळविली. पहिल्या महायुद्धांत ते फ्रेंचांच्या हातीं सांपडले व युद्धकैद्यांच्या छावणींत दुभाष्याचें काम करूं लागले; तेथील फ्रेंच भाषा पुढें मुत्सद्द्यांच्या दालनांत त्यांच्या फार उपयोगीं पडली. युद्धानंतरच्या भयंकर महागाईंत घरची संपत्ति गेली. नाना उद्योग करून ते शेवटीं उल्स्टाइन या प्रकाशनसंस्थेंत जाहिरातीच्या कामावर राहिले. कॅमेरा हातीं धरला तेव्हां त्यांची चाळिशी उलटली होती.

त्या काळीं रात्रीच्या मेजवानीचें चित्र घ्यावयाचें म्हणजे मॅग्नेशियमची भुकटी पेटवावी लागे. मोठा भडका उडे, मागोमाग धूर पसरे, आणि मंडळी आधींच श्वास रोखून बसत. १९२४ सालीं ड्रेस्डेनच्या एर्नेमान कारखान्यानें एर्मानॉक्स नांवाचा लहान कॅमेरा काढला. त्याचें भिंग इतकें प्रकाशग्राही होतें कीं नुसत्या दिव्याच्या उजेडांतहि चित्र निघे. अडचणी होत्याच. दर चित्रास साडेचार बाय सहा सेंटिमीटरची नवी काच घालावी लागे; हात हलला तर सर्वच पुसट होई; अंतर किंचित् चुकलें तर नाक स्पष्ट आणि कान धूसर! म्हणून सालोमोन कॅमेरा तिवईवर टेकवीत, बोलणारा क्षणभर थबकेपर्यंत वाट पाहत आणि मगच कळ दाबीत. त्यांच्या कलेचें मर्म या वाट पाहण्यांत आहे असें आम्हांस वाटतें. मोबाईलमध्यें काच बदलावी लागत नाहीं. पण मंद उजेडांत चित्र टिपण्यास त्यालाहि अधिक वेळ लागतो, आणि कोपरें अंगाशीं न टेकविणाऱ्याचें चित्र आजहि पुसटच येतें. मागच्या बांकावरून पाडलेला फ्लॅशचा उजेड व्यासपीठापर्यंत पोंचत नाहीं. शेजाऱ्याच्या डोळ्यांत मात्र जातो. तसेंच, बोटांनीं चित्र मोठें करण्यापेक्षां, कोणास अडथळा होत नसेल तर, चार पावलें पुढें जाणें बरें.

सालोमोन समारंभास साजेसा पोशाख करून पाहुण्यांत मिसळून जात. ऑगस्ट १९२८ मध्यें पॅरिस येथें केलॉग-ब्रियां करारावर सह्या झाल्या, तेव्हां ते पोलंडच्या प्रतिनिधीच्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसले असें सांगतात. १९३० च्या हेग परिषदेंत उत्तररात्रीं थकून खुर्च्यांत कलंडलेले मंत्री त्यांनीं टिपले. ज्यांच्या सहीनें राष्ट्रांचीं कर्जें ठरत, त्यांनाहि झोंप येते, हें लोकांना त्या चित्रांत दिसलें.

त्यांच्या कांहीं युक्त्या मात्र आम्हांस मान्य नाहींत. १९२८ सालीं बर्लिनच्या एका खटल्यांत छायाचित्रांस मनाई असतां त्यांनीं टोपीस भोंक पाडून आंत कॅमेरा लपविला. १९३२ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयांत हात मोडल्याचें सोंग करून तो झोळींत नेला. आमच्या विद्यार्थ्यांना या गोष्टी फार आवडतील हें आम्ही जाणतों! परंतु आरोपी कांहीं मेजवानीचा पाहुणा नव्हे. आपलें चित्र निघत आहे हें त्यास ठाऊक नसतें, आणि नको म्हणण्याची संधीहि त्यास मिळत नाहीं. याउलट १९३१ सालच्या पॅरिसमधील एका मेजवानींत फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री ब्रियां यांनीं सालोमोन यांना ओळखलें, हंसत हंसत त्यांच्याकडे बोट दाखविलें, आणि नेमक्या त्याच क्षणीं कळ दाबली गेली. हें त्यांचें फार प्रसिद्ध चित्र. लपूनछपून घेतलेल्या सर्व चित्रांहून आम्हांस तें सरस वाटतें. कारण त्यांत चित्र घेणारा आणि देणारा दोघेहि खुशींत आहेत. त्याच वर्षीं त्यांच्या निवडक छायाचित्रांचें पुस्तक निघालें.

१९३३ सालीं हिटलर सत्तेवर आला. सालोमोन यांच्या पत्नी डच होत्या. त्यांच्या देशांत कुटुंबानें आश्रय घेतला. तेथेंहि १९४० सालीं जर्मन सैन्य येऊन पोंचलें. पुढें कुटुंब लपून राहिलें, पण कोणी तरी चुगली केली. जुलै १९४४ मध्यें आउश्वित्झच्या छळछावणींत सालोमोन यांची हत्या झाली. पत्नी व धाकटा मुलगा यांचाहि अंत तेथेंच झाला. थोरला मुलगा इंग्लंडांत असल्यामुळें वांचला. पीटर हंटर या नांवानें राहणाऱ्या त्या मुलानें युद्धानंतर वडिलांचीं विखुरलेलीं छायाचित्रें शोधून एकत्र केलीं, व तो संग्रह पुढें बर्लिनच्या एका कलासंग्रहालयांत पोंचला.