राणीच्या बागेसाठी वर्गणी जमवणारा डॉक्टर शेअर बाजारात बुडाला, त्याच म्युझियमला आज त्याचं नाव आहे

इंग्लंडमध्ये जुन्या बागा दाखवणाऱ्या सहली निघतात. चार-पाच दिवसांची सहल, सोबत जाणकार गाईड, रोज एक-दोन बागा. स्टो, स्टोअरहेड, चॅट्सवर्थ, शेवटी लंडनची क्यू गार्डन. कुठलं झाड कोणत्या देशातून आलं, तळं कोणी खोदलं, कोणत्या सरदाराचे पैसे त्यात गेले, असं सगळं गाईड सांगत जातो. लोक त्यासाठी भरपूर पैसे मोजतात.

त्याच धर्तीची एक बाग लालबाग-परळच्या माणसाला बसच्या तिकिटात बघता येते. भायखळ्याची राणीची बाग. फक्त तिथे गेल्यावर आपण सरळ पेंग्विनच्या रांगेत उभे राहतो आणि बागेची गोष्ट राहून जाते.

आत शिरलं की जवळच एक देखणी इमारत दिसते, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. मुंबईकर हे नाव घाईत भाऊदाजीलाड असं एका दमात म्हणून टाकतात. माटुंग्यात भाऊ दाजी रोड आहे, तिथले कित्येक रहिवासीही हे भाऊ कोण होते हे सांगू शकणार नाहीत.

तर भाऊंचं खरं नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. जन्म गोव्यातल्या मांद्र्याचा. जन्माचं साल कुठे १८२२ तर कुठे १८२४ सापडतं. वडिलांना दाजी म्हणायचे आणि मुलाला भाऊ, त्यावरून भाऊ दाजी हेच नाव रूढ झालं. घरची परिस्थिती बेताची. मातीच्या बाहुल्या विकून घर चालायचं. ही मातीच्या बाहुल्यांची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती परत येणार आहे.

भाऊ लहानपणापासून बुद्धिबळात तरबेज. एका इंग्रज साहेबाने या पोराचा खेळ पाहिला आणि वडिलांना सुचवलं की याला इंग्रजी शिकवा. कुटुंब मुंबईला आलं आणि भाऊ एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये दाखल झाले. पुढे तिथेच शिकवायलाही लागले. कच्छ-काठियावाडात मुली जन्मताच मारण्याची जी प्रथा होती, तिच्यावर सरकारने निबंध मागवले होते. भाऊंच्या निबंधाला सहाशे रुपयांचं बक्षीस मिळालं. त्या काळातले सहाशे रुपये, म्हणजे बाहुल्या विकणाऱ्या घरासाठी केवढी रक्कम असेल याचा अंदाज करा.

१८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं. भाऊंनी मास्तरकी सोडून तिथे प्रवेश घेतला आणि १८५१ मध्ये जी पहिली तुकडी डॉक्टर होऊन बाहेर पडली, त्यात ते होते. धाकटे भाऊ नारायण दाजीही डॉक्टर झाले. दोघांनी मिळून गरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालवला.

पण फक्त दवाखाना करून गप्प बसणारे हे डॉक्टर नव्हते. १८५२ मध्ये बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली. सरकारकडे हिंदी लोकांच्या तक्रारी मांडणारी ही मुंबईतली पहिली राजकीय संस्था. तिच्या सचिवांमध्ये भाऊ होते. दुसऱ्या वर्षी विष्णुदास भावे सांगलीहून नाटक मंडळी घेऊन मुंबईत आले, तर त्यांच्या पाठीशी गिरगावचे नाना शंकरशेट आणि भाऊ दाजी उभे राहिले. फोटोग्राफी हिंदुस्थानात नुकतीच आली होती, दोघा भावांनी कॅमेराही हाताळला. मुलींच्या शाळा, सभा, व्याख्यानं तर होतीच. यादी इतकी लांबते की माणूस झोपायचा कधी असा प्रश्न पडावा.

आता बागेकडे वळू.

मुंबईत तेव्हा ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी नावाची संस्था होती. तिचं काम इंग्लंडच्या बागांसारखंच. जगभरातून झाडं आणायची, इथल्या मातीत ती जगतात का बघायचं आणि त्यातली कोणती उपयोगी, कोणती विकाऊ हे ठरवायचं. साम्राज्याला बागा फक्त हौसेसाठी नको होत्या. कापूस, नीळ, डिंक, तेल, औषधं असा सगळा हिशेब त्यामागे होता. या सोसायटीची बाग शिवडीला होती. १८६५ मध्ये म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या काळात त्याच जागेवर ख्रिश्चन दफनभूमी झाली. शिवडीचं आजचं सिमेट्री ते हेच.

दुसरीकडे म्युझियमची वेगळीच रडकथा सुरू होती. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनाच्या निमित्ताने मुंबई इलाख्यातले नमुने गोळा झाले होते, त्यातून फोर्टमधल्या टाऊन बराकीत एक संग्रहालय उभं राहत होतं. एवढ्यात १८५७ चा उठाव झाला. बराक सैनिकांसाठी हवी होती. लष्कराने म्युझियमचं सामान सरळ बाहेर मैदानात काढून टाकलं आणि त्यातलं बरंचसं नासलं, हरवलं.

ते वाचवायला धडपडणारा माणूस होता जॉर्ज बर्डवुड, ग्रँट मेडिकल कॉलेजातला प्राध्यापक आणि झाडांचा वेडा. मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींची जाडजूड सूची याच माणसाने तयार केली. त्याची आणि भाऊंची जोडी जमली. १८५८ मध्ये कंपनीचं राज्य जाऊन राणीचं राज्य आलं, तेव्हा राणीच्या नावाने म्युझियम आणि बाग एकत्रच उभारायची असं ठरलं. त्यासाठी समिती नेमली गेली आणि वर्गणी जमवायला सुरुवात झाली. भाऊ या समितीचे सचिव होते. नाना शंकरशेटही यात होते. डेव्हिड ससून या बगदादी ज्यू व्यापाऱ्याने मोठा हात दिला. बागेतला घड्याळाचा मनोरा त्याच्याच देणगीतून आलेला.

राजकीय मागण्या करणारा माणूस राणीच्या नावाने वर्गणी का मागत होता? आज हे विचित्र वाटतं. पण भाऊंच्या पिढीला त्यात विसंगती दिसत नव्हती. सरकारशी भांडायचं आणि त्याच सरकारकडून शहरासाठी कॉलेज, दवाखाने, बाग, म्युझियम पदरात पाडून घ्यायचं, अशी त्यांची रीत होती. ती बरोबर की चूक यावर वाद घालता येईल. शहराच्या पदरात मात्र बरंच पडलं, हे नाकारता येत नाही.

१९ नोव्हेंबर १८६२ ला व्हिक्टोरिया गार्डन लोकांसाठी खुली झाली. गव्हर्नर तेव्हा परळच्या सरकारी बंगल्यात राहायचे, म्हणजे आज जिथे हाफकिन इन्स्टिट्यूट आहे तिथे. तिथून भायखळा जवळच. बागेचं उद्घाटन गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नीने केलं आणि त्याच दिवशी म्युझियमची पायाभरणी झाली.

हे १८६२ साल भाऊंच्या आयुष्यात आणखी एका कारणासाठी गाजलं. महाराज नावाचा सिनेमा ज्यांनी पाहिला असेल, त्यांना करसनदास मुळजी माहीत असतील. वैष्णवांच्या एका महाराजाच्या गैरवर्तनावर त्यांनी सत्यप्रकाश या वर्तमानपत्रात लिहिलं आणि महाराजाने पन्नास हजारांचा अब्रुनुकसानीचा दावा ठोकला. शेठ मंडळी महाराजाच्या बाजूने. साक्षीला यायला लोक कचरत होते. तेव्हा भाऊ कोर्टात उभे राहिले आणि या महाराजावर आपण गुप्तरोगाचे उपचार केले होते, असं त्यांनी शपथेवर सांगितलं. पेशंटचं गुपित डॉक्टरने फोडावं का, हा प्रश्न आजही अवघड आहे. पण त्या साक्षीचं वजन मोठं होतं. २२ एप्रिल १८६२ ला निकाल करसनदासांच्या बाजूने लागला.

या सगळ्या वर्षांत मुंबईत पैशाचा पूर आला होता. कारण अमेरिकेत. १८६१ मध्ये तिथे यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला. मग सगळी भिस्त हिंदुस्थानच्या कापसावर. भाव कडाडले. मुंबईत रोज नवी बँक, नवी कंपनी निघू लागली. समुद्र हटवून जमीन करणारी बॅक बे कंपनी तर सगळ्यांचीच लाडकी. तिचे शेअर मूळ किमतीच्या कितीतरी पटीने विकले जात होते. प्रेमचंद रायचंद हा या बाजाराचा राजा. व्यापारी, वकील, कारकून, साहेब, सगळे यात उतरले. भाऊ दाजीही उतरले.

मुंबईच्या किती संस्था या कापसाच्या पैशावर उभ्या राहिल्या ते मोजायला गेलं तर थक्क व्हायला होतं. म्युझियमच्या इमारतीचाही भरवसा याच सुकाळावर होता. आणि ज्या डॉक्टरने लोकांकडून त्यासाठी पैसे मागितले, त्याची स्वतःची कमाईही त्याच बाजारात गुंतलेली होती.

एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपल्याची बातमी आली आणि कापूस कोसळला. वायद्याच्या सौद्यांची पूर्तता १ जुलै १८६५ ला करायची होती. त्या दिवशी कोणाकडेच द्यायला पैसे नव्हते. कालचे लखपती आज कर्जबाजारी. बँका बुडाल्या, शेअर रद्दी झाले. भाऊंचीही आयुष्यभराची कमाई त्यात गेली. त्यानंतर महिन्याभरातच, ३१ जुलैला, नाना शंकरशेट वारले. पैसाही गेला आणि पाठीवर हात ठेवणारा माणूसही.

म्युझियमचीही तीच गत झाली. वर्गणी आटली, काम रखडलं. ज्या विल्यम ट्रेसी याने आराखडा केला होता, तो इमारत पूर्ण होण्याआधीच वारला. पुढे सरकारने हात दिला म्हणून इमारत पुरी झाली.

दुसरा एखादा माणूस इथे खचला असता. भाऊ मात्र पुन्हा पेशंट तपासू लागले आणि शिलालेखांकडे वळले. खरं तर हे वेड जुनंच होतं. अजिंठ्यातले लेख, गिरनारचा खडक, जुनी नाणी, कालिदासाचा काळ, या सगळ्यांवर त्यांनी संशोधन केलं होतं. जुनागढच्या भगवानलाल इंद्रजी या हुशार तरुणाला त्यांनी आपल्याकडे बोलावून घेतलं आणि लेखांचे ठसे आणायला देशभर पाठवलं. याच भगवानलालनी पुढे १८८२ मध्ये नालासोपाऱ्याचा स्तूप उकरून काढला. भाऊंचं नुकसान झालं तरी भगवानलालची भटकंती थांबली नाही, हे विशेष.

आणि झाडांचा नाद होताच. जुने संस्कृत वैद्यकग्रंथ वाचून त्यातली औषधं खरंच लागू पडतात का, हे भाऊ पेशंटवर तपासायचे. कोकण-गोव्याच्या जंगलात कडू कवठ नावाचं झाड असतं. त्याच्या बियांच्या तेलाने ते कुष्ठरोग्यांवर उपचार करत आणि गुण येतो म्हणून लांबून पेशंट येत. या झाडाच्या जातभाईचं तेल बंगालमध्येही वापरात होतं, तेव्हा शोध एकट्या भाऊंचा म्हणता येणार नाही. मात्र पूर्ण खात्री होईपर्यंत औषध जाहीर करायचं नाही असं धोरण ठेवल्यामुळे त्यांचे प्रयोग त्यांच्याबरोबरच संपले. पुढे १९४० च्या दशकात सल्फोनची औषधं येईपर्यंत याच जातीच्या झाडांची तेलं जगभर कुष्ठरोगावर वापरली गेली.

१८६९ आणि १८७१ असे दोनदा ते मुंबईचे शेरीफ झाले. खिसा रिकामा, पण मान शाबूत.

२ मे १८७२ ला म्युझियम उघडलं. नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. आत राणीच्या नवऱ्याचा संगमरवरी पुतळा, तोही ससूनच्या पैशातून. पुढच्याच वर्षी बाग चालवणं सोसायटीला झेपेना म्हणून ती म्युनिसिपालिटीकडे गेली. ३१ मे १८७४ ला भाऊ गेले. पन्नाशीच्या आसपासचं वय. भगवानलाल तेव्हा नेपाळच्या मोहिमेवर होते. भाऊंचे विखुरलेले निबंध पुढे कलकत्त्याला पुस्तकरूपात छापले गेले. बरंचसं काम कागदावर उतरलंच नाही.

नाव बदलायला मात्र शंभर वर्षं लागली. १९६० च्या दशकात शहरातले इंग्रजांचे पुतळे हलवले गेले, त्यातले बरेच या म्युझियमशेजारी आणून ठेवले. काळा घोडाही तिथेच आहे. बागेला वीरमाता जिजाबाईंचं नाव मिळालं आणि १९७५ मध्ये म्युझियमला भाऊंचं. मधल्या काळात इमारतीची रया गेली होती. ती नीट दुरुस्त झाली आणि २००५ मध्ये त्या कामाला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला.

तेव्हा पुढच्या वेळी पेंग्विन बघून झाले की थोडं थांबा. म्युझियमच्या बाहेर घारापुरीचा दगडी हत्ती आहे. इंग्रज तो विलायतेला न्यायला निघाले होते, उचलताना तुटला म्हणून इथे राहिला. बागेत गोरखचिंचेचे अगडबंब बुंधे आहेत, खोडालाच फुलं लागणारा कैलासपती आहे. झाडांची माहिती देत बाग फिरवणारे वृक्षप्रेमीही इथे येतात, त्यांच्या मागे मागे फिरलात तर इंग्लंडच्या सहलीची निम्मी हौस इथेच फिटेल.

आणि म्युझियमच्या आत जाऊन मातीच्या बाहुल्या नक्की बघा. जुन्या मुंबईतले वेगवेगळ्या जातिधर्मांचे लोक, त्यांचे पोशाख, त्यांचे धंदे, सगळं मातीत घडवलेलं आहे. बुधवारी तेवढं जाऊ नका, त्या दिवशी बाग आणि म्युझियम दोन्ही बंद असतात.