ऑलिंपिकवीर खाशाबा जाधव

स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमधील पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणारा वीर एका शेतकरी कुटुंबातला मराठी मल्ल होता, हे आपल्या मुलाबाळांना सांगण्याजोगे आहे.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यातील कराडनजीकच्या गोळेश्वर गावी झाला. पाच भावंडांत ते धाकटे. वडील दादासाहेब स्वतः नामांकित मल्ल असल्याने तालमीच्या मातीशी त्यांचे नाते बालपणीच जडले. शिक्षणासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात आल्यावर त्या कुस्तीवेड्या नगरीत त्यांच्या गुणांना धार चढली. अंगलट ठेंगणी, पण चपळाई विलक्षण. ढाक हा त्यांचा हातखंडा डाव.

१९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्याने ते लंडन ऑलिंपिकला गेले. जन्मभर मातीत खेळलेल्या या मल्लाने अपरिचित अशा मॅटवर सहावा क्रमांक मिळवला.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकची वाट अधिक बिकट होती. निवडीत अन्याय झाल्याची भावना झाल्याने त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली आणि फेरलढतीत आपली योग्यता सिद्ध केली. प्रश्न उरला खर्चाचा. कराडच्या लोकांनी वर्गणी जमवली. प्राचार्य खर्डेकर यांनी तर स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. एका गुरूने शिष्यावर ठेवलेला तो विश्वास होता.

हेलसिंकीत ५७ किलो वजनगटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना नमवले. जपानच्या इशी यांच्याशी दीर्घ झुंज होताच, नियमाप्रमाणे मिळावयाची विश्रांती न मिळता त्यांना सोव्हिएत मल्लासमोर उभे राहावे लागले. त्यांची बाजू मांडण्यास भारताचा एकही अधिकारी तेथे हजर नव्हता. तरीही कांस्यपदक त्यांच्या गळ्यात पडले. गावकऱ्यांनी बैलगाड्यांची मोठी मिरवणूक काढून त्यांचे स्वागत केले. खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे फड भरवून पैसा उभारला आणि प्रथम गुरुजींचे घर सोडवले. पदकाइतकेच हे कृत्यही मोलाचे मानावे लागेल.

१९५५ मध्ये ते पोलीस खात्यात फौजदार झाले. गुडघ्याच्या दुखापतीने मेलबोर्नचे स्वप्न विरले. बढतीसाठी त्यांना दीर्घकाळ तिष्ठावे लागले. अखेर सहायक पोलीस आयुक्त म्हणून ते निवृत्त झाले. क्रीडासंस्थांनी त्यांची फारशी विचारपूस केली नाही. १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडास्पर्धेच्या ज्योतदौडीत त्यांना मान मिळाला, तेवढाच. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ते अपघातात त्यांचे निधन झाले.

दुसऱ्या वैयक्तिक पदकासाठी देशाला १९९६ पर्यंत, म्हणजे तब्बल ४४ वर्षे, वाट पाहावी लागली. खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. २०१० साली दिल्लीतील कुस्तीसंकुलाला त्यांचे नाव देण्यात आले आणि पुढे महाराष्ट्राने त्यांचा जन्मदिन राज्य क्रीडा दिन म्हणून स्वीकारला.

रायपूरसारख्या दूरच्या गावी मराठीपण जपणाऱ्या आपणा सर्वांना या चरित्रातून एक गोष्ट घेता येईल: गुणी मुलाच्या पाठीशी चार माणसे वेळेवर उभी राहिली, तर खेड्यातली मातीही जगापर्यंत पोहोचते. आणि गौरव करावयाचा तो माणूस हयात असतानाच करावा.