शिवनेरीवरचे घर आणि घोड्यावरचा पिता

दरवर्षी १९ फेब्रुवारीला शिवनेरीवर माणसांचा पूर लोटतो. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील गावोगावचे तरुण गडावरून ज्योत पेटवून धावत आपापल्या गावी नेतात, जन्मस्थानाच्या वास्तूत पाळणा हलतो, शिवाईच्या देवळात रांग लागते आणि शिवकुंजातील जिजामाता व बाल शिवाजी यांच्या शिल्पासमोर माथे टेकले जातात. त्या शिल्पात माता आहे, पुत्र आहे, पिता नाही. यात शिल्पकाराला दोष देण्याचे कारण नाही. मराठी मनाने कित्येक पिढ्या जे चित्र जपले, तेच त्याने घडविले. सर्वसामान्य वाचकाला शहाजीराजे ठाऊक असतात ते परमुलखात चाकरीस असलेले, दुसरा संसार थाटून दूर राहिलेले सरदार म्हणून. मुलाला वाढविले ते एकट्या आईने, असा या चित्राचा अर्थ होतो, आणि तो अर्धाच खरा आहे. ज्या पित्याच्या वाट्याला घर असे फार थोडे आले, त्याने आपल्या मुलांसाठी काय केले हे पाहावयाचे, तर त्याच्या मोहिमांचा नकाशाच कुटुंबाचा नकाशा म्हणून वाचावा लागतो.

शहाजीराजांना स्वतःलाही पित्याचे छत्र फार काळ लाभले नव्हते. मालोजीराजे इंदापूरच्या लढाईत पडले, तेव्हा शहाजी व शरीफजी ही दोन्ही मुले लहान होती. अहमदनगरच्या शाह शरीफ या पिराच्या नवसाने झाली म्हणून त्यांना ही नावे मिळाली, अशी परंपरा आहे. चुलते विठोजी यांनी त्यांना वाढविले. पुढे १६२४ मध्ये भातवडीच्या रणात निजामशाहीच्या बाजूने दोघे भाऊ लढले. विजय मिळाला, पण शरीफजी कामास आले. बापाची उणीव काय असते आणि ती घराण्यातील माणसे कशी भरून काढतात, हे ज्याने अनुभवले होते, असा हा पिता होता. मुलांच्या बाबतीत पुढे त्यांनी जे जे केले, त्यात ‘आपण नसलो तर काय’ हा प्रश्न सतत उभा दिसतो.

दख्खनच्या सरदाराचे कौटुंबिक जीवन म्हणजे काय होते, हेही येथे ध्यानात घ्यावयास हवे. कचेरीतून सायंकाळी घरी येणाऱ्या आणि रविवारी मुलांना फिरावयास नेणाऱ्या आजच्या पित्याशी त्याची तुलना होऊ शकत नाही. लष्कराबरोबर बुणगे चालत, बुणग्यांत बायकामुलांचे मेणे, डेरे, मुदपाकखाना, दाणागोटा, सारे काही असे. मुक्काम पडला की घर उभे राहावयाचे आणि कूच झाले की ते उंटांवर लादले जावयाचे. मुलाची पहिली सहल म्हणजे बापाच्या घोड्यापुढे बसून केलेली मजल. थोरले पुत्र संभाजीराजे अशाच वातावरणात वाढले. ते पित्याच्या सोबत राहिले आणि अखेरपर्यंत पित्याचेच सहकारी झाले. धाकट्याच्या वाट्याला हे यावयाचे नव्हते.

जुलै १६२९ मध्ये दौलताबादच्या दरबारात लखुजी जाधवराव व त्यांचे पुत्र यांची निजामशहाने हत्या करविली. जिजाबाईंचे माहेर एका दिवसात उद्ध्वस्त झाले. शहाजीराजांनी निजामशहाचा पक्ष सोडला. पुढे थोड्याच काळात विजापूरच्या फौजेने पुणे जाळून बेचिराख केले. जिजाबाई गरोदर होत्या. फौजेबरोबर त्यांना फिरविणे अशक्य होते, आणि स्वतःच्या जहागिरीतही त्यांना ठेवण्याजोगी जागा उरलेली नव्हती. अशा वेळी शहाजीराजांनी शिवनेरी निवडला. ही निवड केवळ कड्यांची उंची पाहून झालेली नाही. कवींद्र परमानंदाने ‘शिवभारत’ या समकालीन काव्यात सांगितले आहे की, शिवनेरीचा किल्लेदार विजयराज याची कन्या जयंती हिच्याशी संभाजीराजांचा विवाह याच गडावर झाला, आणि त्यानंतर जिजाबाईंना तेथे ठेवून शहाजीराजे मोहिमेवर निघाले. म्हणजे ज्याच्या हाती दरवाजाच्या किल्ल्या होत्या, त्याच्याशी आधी सोयरीक जोडली गेली. सात दरवाजे आणि कातळकडे यांच्यापेक्षा व्याह्याचा शब्द अधिक मोलाचा होता. राजकारण आणि घरकारण यांचा इतका चोख मेळ घालणाऱ्या माणसाला कुटुंबाकडे पाठ फिरविणारा म्हणणे अन्यायाचे आहे.

फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवाजीराजांचा जन्म झाला. शिवभारताच्या कथनानुसार त्या वेळी पिता मोहिमेवर होता. परतल्यावर त्याने पुत्रमुख पाहिले आणि दानधर्म केला. परमानंदाने त्यापुढे बाळलीलांचे जे वर्णन केले आहे, त्यात रांगणारे, मातीत खेळणारे, पशुपक्ष्यांच्या आवाजांच्या नकला करणारे मूल दिसते. हे काव्य आहे, त्यात कृष्णचरित्राचा रंग मिसळला आहे, हे खरे. परंतु शिवनेरीच्या माथ्यावर उभे राहिले की त्या वर्णनाला आधार देणारा परिसर समोर दिसतो. उत्तरेस कुकडीचे पात्र आणि पलीकडे लेण्याद्रीच्या गुंफांची ओळ. दक्षिणेस मानमोडीचा डोंगर. पश्चिमेस हडसर, चावंड, आणि त्यांच्याही मागे नाणेघाटाच्या तोंडाशी राखणदारासारखा उभा जीवधन. सातवाहनांच्या काळापासून कोकणातला माल त्या घाटाने वर चढत आला आणि जकातीचा दगडी रांजण आजही तेथे आहे. आणखी दक्षिणेला मीना नदीचे खोरे ओलांडले की आंबेगावचा मुलूख, घोडनदी, आणि भीमाशंकरची दाट झाडी. या डोंगरांत महादेव कोळ्यांची वस्ती. गडावर गंगा-जमुना ही कातळातली पाण्याची टाकी, धान्याचा अंबरखाना, कड्याच्या पोटात कोरलेली बौद्ध लेणी. ज्या मुलाला पुढे सह्याद्रीच्या वाटा आपल्या हाताच्या रेषांप्रमाणे पाठ झाल्या, त्याने डोळे उघडून प्रथम पाहिला तो हा प्रदेश. तो पाहावयास मिळाला, कारण पित्याने हे स्थान निवडले होते.

पण हे दिवस सुखाचे नव्हते. १६३० ते १६३२ या काळात दख्खनवर जो दुष्काळ कोसळला, त्याच्या स्मृती पुढे अनेक पिढ्या टिकल्या. गावे ओस पडली, माणसे अन्नासाठी देशोधडीस लागली. शहाजीराजे याच काळात काही दिवस मोगलांकडे गेले व पुन्हा परतले. इतिहासाच्या पुस्तकांत या हालचालींना पक्षबदल म्हणतात. निजामशाही, आदिलशाही आणि मोगल अशा तीन सत्तांच्या जात्यात सापडलेल्या माणसाच्या दृष्टीने त्या निराळ्या होत्या. जो मुलूख आपला, जेथे आपली माणसे आहेत, तो हातचा जाऊ नये, एवढा एकच धागा त्या साऱ्यांत सलग दिसतो.

१६३३ मध्ये दौलताबाद पडले, निजामशहा मोगलांच्या कैदेत गेला आणि राज्य बुडाले असे सर्वांनी मानले. शहाजीराजांनी ते मानले नाही. निजामशाही घराण्यातील मूर्तझा नावाचे एक मूल त्यांनी शोधून काढले आणि पेमगिरीच्या गडावर त्याला तख्तावर बसविले. हे मूल जीवधनावर नजरकैदेत होते आणि दरबारात शहाजीराजे त्याला मांडीवर घेऊन बसत, असे सांगितले जाते. शिवनेरीपासून जीवधन दिसतो. स्वतःचा तीन वर्षांचा मुलगा मातेच्या पदराआड वाढत असताना पित्याच्या मांडीवर दुसऱ्याचे मूल होते, आणि त्या मुलाच्या नावाने तो तीन वर्षे जवळजवळ स्वतंत्र राज्य चालवीत होता. शहाजीराजांच्या आयुष्यातील हा सर्वांत तेजस्वी कालखंड. त्याची किंमत घराने मोजली, हेही तितकेच खरे.

१६३६ मध्ये शहाजहान बादशहा जातीने दख्खनेत उतरला. विजापूरकरांनी मोगलांशी तह केला आणि दोन फौजांच्या कचाट्यात शहाजीराजे एकटे पडले. जुन्नर गेले. माहुलीच्या किल्ल्यावर शेवटचा आसरा घेऊन अखेर त्यांना तहास मान्यता द्यावी लागली. द्यावयाच्या किल्ल्यांच्या यादीत जुन्नरचा किल्ला होता, त्र्यंबक होता, हरिश्चंद्रगड, जीवधन, हडसरही होते. मुलाने जे डोंगर पाहत डोळे उघडले, ते सारे पित्याला एका सहीने सोडावे लागले. मूर्तझाला मोगलांच्या स्वाधीन करावे लागले, ते वेगळेच. सहा वर्षांच्या मुलाला तहाची कलमे कळत नाहीत; आपण पूर्वीच्या घरी आता का जात नाही, हे मात्र कळते.

त्यानंतर शहाजीराजे विजापूरचे सरदार म्हणून कर्नाटकात गेले. १६३८ मध्ये बंगळूर त्यांच्या ताब्यात आले आणि प्रथमच त्यांना स्थिर म्हणावे असे ठिकाण मिळाले. जिजाबाई व शिवाजीराजे तेथे काही काळ राहिले. थोरले संभाजीराजे तेथेच होते. तुकाबाईंचे पुत्र व्यंकोजीराजेही होते. त्या दरबाराचा थाट जयराम पिंड्ये या कवीच्या ‘राधामाधवविलासचंपू’त पाहावयास मिळतो. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९२२ मध्ये हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा शहाजीराजांची एक वेगळीच बाजू महाराष्ट्रापुढे आली. संस्कृत, मराठी, कानडी, हिंदी अशा नाना भाषांतील कवी तेथे जमत, समस्या घालीत व सोडवीत. रणातून आलेला हा माणूस काव्याचा रसिक होता. मुलांनी घरात ऐकली ती केवळ तलवारींची खणखण नव्हे.

बंगळूरचा हा काळ दोन-तीन वर्षांहून अधिक नसावा. सारे कुटुंब एका छताखाली एकत्र आले, ते तेव्हाच. मग १६४२ च्या सुमारास पित्याने मुलाला पुण्यास पाठविले. येथे टीकाकार थांबतात आणि म्हणतात, पाहा, दूर केले. पण कसे पाठविले ते पाहण्यासारखे आहे. पेशवे म्हणून शामराव नीलकंठ, मुजुमदार म्हणून बाळकृष्णपंत, डबीर म्हणून सोनोपंत अशी अनुभवी माणसे बरोबर दिली. ध्वज दिला, हत्ती-घोडे दिले. पुणे जहागिरीची व्यवस्था पाहणारे दादोजी कोंडदेव तेथे होतेच. बारा वर्षांच्या मुलाला एवढा सरंजाम देतात तो बाजूला सारण्यासाठी नव्हे. थोरल्यास कर्नाटक आणि धाकट्यास पुणे, अशी ही वाटणी होती. आणि १६३६ मध्ये हरलेल्या डावाचा पट ज्या प्रदेशात होता, तेथे धाकट्याला बसविले गेले. शिवाजीराजांच्या संस्कृत मुद्रेत त्यांनी स्वतःची ओळख दिली आहे ती शाहाचा पुत्र अशी. फारशीचा सर्वत्र वापर असलेल्या त्या काळात कोवळ्या वयाच्या राजाच्या पत्रावर संस्कृत मुद्रा उमटावी आणि तीत पित्याचे नाव असावे, ही साधी गोष्ट नाही.

या नात्याची कसोटी १६४८ मध्ये लागली. २५ जुलैस जिंजीजवळ मुस्तफाखानाने शहाजीराजांना कैद केले. दोन्ही पुत्रांवर फौजा धावून आल्या. संभाजीराजांनी बंगळूर राखले, शिवाजीराजांनी पुरंदरावर फत्तेखानाचा पराभव केला. दोघेही जिंकले होते, तरी बाप शत्रूच्या हाती होता. शिवाजीराजांनी मोगल शहजादा मुराद याच्याशी पत्रव्यवहार सुरू करून विजापूरला पेचात टाकले. शेवटी कोंढाणा आणि बंगळूर सोडून देऊन १६४९ मध्ये पित्याची सुटका करविण्यात आली. जिंकलेला कोंढाणा देणे अठरा-एकोणीस वर्षांच्या तरुणाला किती जड गेले असेल, याचा अंदाज कोणालाही करता येईल. बापाने मुलाच्या बालपणीचा गड गमावला होता. मुलाने बापासाठी आपला गड दिला.

पुढे काही वर्षांनी कनकगिरीच्या लढाईत संभाजीराजे मारले गेले. घोड्यावर पुढे बसून ज्याने बापाबरोबर मजला केल्या, तो गेला. १६५७ च्या एप्रिल अखेरीस शिवाजीराजांनी रात्री दोरांच्या शिड्यांनी जुन्नरच्या तटावरून आत उतरून शहर लुटले, घोडे आणि रोकड नेली. जन्मगाव त्यांनी पुन्हा पाहिले ते असे, अंधारात आणि घाईत. वर शिवनेरीवर मोगलांचे ठाणे होते. पुढच्या वर्षी विजापूरच्या आदिलशहाला शहाजीराजांना असे आश्वासन द्यावे लागले की, पुत्राच्या अपराधाबद्दल त्यांना जबाबदार धरले जाणार नाही. पिता-पुत्रांनी एकमेकांशी संबंध नसल्याचा देखावा इतक्या चोखपणे राखला की, त्यांच्या शत्रूंप्रमाणे पुढे त्यांच्या वंशजांच्या प्रजेलाही तो खरा वाटू लागला! जेजुरीस खंडोबाच्या देवळात दोघांची भेट झाली, पुत्राने पित्याचे मुख आधी तुपात पाहिले, अशी हकीकत बखरकार रंगवून सांगतात. ती इतिहास म्हणून घेता येत नाही. पण इतक्या वर्षांच्या विरहानंतर ही भेट व्हावयासच हवी होती, असे ज्यांना वाटले, त्यांना हे नाते अधिक कळले होते.

२३ जानेवारी १६६४ रोजी कर्नाटकात होदिगेरे येथे शिकारीच्या पाठलागात घोड्याचा पाय वेलीत अडकला आणि शहाजीराजे पडून गतप्राण झाले. शिवाजीराजे त्या वेळी सुरतेहून परतत होते. वार्ता राजगडावर पोचली तेव्हा जिजाबाई सती जावयास निघाल्या आणि पुत्राने त्यांच्या मांडीवर बसून, गळ्याला मिठी घालून त्यांना परावृत्त केले, असे बखरींत आहे. चौतीस वर्षांचा तो राजा त्या क्षणी पुन्हा शिवनेरीवरचे मूल झाला होता. होदिगेरेस पित्याची समाधी बांधविण्यात आली. ती आजही तेथे आहे. शिवनेरी मात्र १६८० मध्ये शिवाजी महाराजांनी देह ठेवला तेव्हाही मोगलांकडेच होता.